विजेनं फुगवलेली छाती

देवळाली कॅम्प
१२ ऑगस्ट १९८५

चि. मालन हिस,
दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. कळवणला पाऊस चांगला झाला असं ऐकलं. शाळेत जाताना पायाखाली बघून चाल, तुला वर बघत चालायची सवय आहे.

आता तुझ्या लेकाचं ऐक. काल पेन्शनच्या कामाला नाशकात गेलो होतो, म्हटलं सुगतला भेटावं. खोलीवर नव्हता. घरमालकीण वत्सलाबाई म्हणाल्या, तो करंट घ्यायला गेलाय. मला कळेचना. त्यांनी पत्ता दिला. एका जिन्यावर पाटी होती: 'प्रोफेसर खंडेराव यांचे विद्युत-शक्ती केंद्र. कसरतीविना पोलादी शरीर.' पडदा सारला तर माझा भाचा उघडाबंब आडवा पडलेला. दंडांवर, छातीवर ओल्या गाद्या पट्ट्यांनी आवळलेल्या आणि उशाशी रेडिओएवढी पेटी. प्रोफेसर बटण पिळतो, की पोराचे दंड आपोआप थडथड उडतात. आणि हा छताकडे बघून हसतोय!

हा प्रोफेसर परवापरवापर्यंत पंखे दुरुस्त करायचा. बोलताना स्वतःचं पोट टेबलावर टेकवून बसतो. म्हणे, रशियातले पैलवान हेच करतात. मी विचारलं, मग आपण कधी बसणार यंत्राला? तर म्हणाला, गिऱ्हाइकांतून वेळच मिळत नाही.

तुमच्या शाळेतले सायन्सचे मास्तर मेलेल्या बेडकाला वीज लावून पाय उडवून दाखवतात, असं तूच एकदा सांगितलं होतंस. त्यातला कुठला बेडूक पुढे तालमीत गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

ऑक्टोबरात फौजेची भरती आहे, त्याची ही तयारी म्हणे. अंथरुणात पडून जवान व्हायला निघालाय अगरबत्तीची काडी. चार शब्द सुनाव त्याला.

कळावे.
तुझा दादा, सहादू


कळवण
२० ऑगस्ट १९८५

ती. दादास,
मालनचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. पेटीचं मलाही पटलेलं नाही. सुगतला तसं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की आई, रोज पहाटे पळतोच, पण छाती भरत नाही, आणि मामा मला अगरबत्तीची काडी म्हणतात त्यात खोटं काय आहे?

वैशाखात धोंडीरामच्या लग्नात तू मांडवभर लोकांसमोर त्याचा दंड दोन बोटांत धरून दाखवलास. लोक हसले, तूही हसलास. त्याने जेवण टाकून दिलं, ते तुझ्या लक्षात नसेल. त्याचे वडील गेल्यापासून तो तुझ्याकडेच बघून मोठा झाला. तुझ्यासारखं व्हायचं म्हणूनच त्याला फौज हवी आहे. त्याला यंत्रावरून उठवायचं असेल तर जरा मायेनं बोल. माझ्या सांगण्याने तो उठायचा नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावतोस की नुसता लोकांना उपदेश करतोस?

तुझी, मालन


देवळाली कॅम्प
२ सप्टेंबर १९८५

चि. मालन हिस,
दादाचा सप्रेम जयभीम.

मायेनं बोलून फौज उभी राहत नाही. आम्हाला फौजेत कवायतीच्या उस्तादांनी शिव्या देऊनच माणसात आणलं. सुगतला कार्ड टाकलंय, की विजेवर चालायचं असेल तर जवान कशाला होतोस, पिठाची गिरणी हो. राग येईल, आणि राग आला की उठून दंड-बैठका मारेल. तू मध्ये पडू नकोस.

गुडघा ठीक आहे.

सहादू


नाशिक
२६ ऑक्टोबर १९८५

ती. दादास,
जयभीम.

हे पत्र दवाखान्यातून लिहिते आहे. सुगत इथे दाखल आहे. मामाला कळवू नकोस, असं तो म्हणाला होता, तरी कळवते.

तुझं कार्ड आल्यावर तो प्रोफेसरकडे जाऊन म्हणाला, की भरतीपर्यंत जास्तीत जास्त लावा. त्या माणसाने मग शेवटचा आठवडाभर रोज, बटण टोकापर्यंत फिरवून, छाती-दंड-मांड्या सगळीकडे वीज सोडली. भरतीच्या दिवशी सुगतचे हात कोपरात वाकेनात. धावला कसाबसा, पण बीमच्या दांडीवर अंग वर ओढता येईना, नुसता लटकत राहिला. रांगेतली पोरं हसली. दुसऱ्या दिवशी दंड सुजून टणक झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली. वत्सलाबाईंनीच रिक्षात घालून आणलं.

डॉक्टर म्हणाले, प्लॅस्टरमध्ये राहून झिजलेल्या पायाला आम्हीही थोडी वीज देतो, पण ती मोजून. इथे वीज दमलेल्या स्नायूला सोडतच नव्हती, तो आतून फुटला आणि त्याचा कचरा मूत्रपिंडात जाऊन बसला. दोन दिवस ते सारखी लघवी तपासत होते. आज लघवीचा रंग उतरला, तेव्हा हसले.

त्या खंडेरावाला मी काय म्हणायचं ते म्हणेन. पण बटण त्याने एकट्याने फिरवलेलं नाही, दादा. तुझं ते कार्ड सुगतच्या उशीखाली होतं.

मालन


देवळाली कॅम्प
५ नोव्हेंबर १९८५

चि. सुगत यास,
मामाचा जयभीम व आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात तुला बघायला आलो, तू झोपला होतास. उठवलं नाही. केळी ठेवली होती, मिळाली असतील.

तिथून थेट प्रोफेसरकडे गेलो. पेटी जिन्यावरून खाली फेकायची असं ठरवूनच गेलो होतो. तर बाकावर पाच-सहा पोरं बसलेली, कुणी पेठचं, कुणी सुरगाण्याचं, सगळी हाडकुळी. प्रोफेसर उलट मलाच म्हणाला, तुमच्या पोरानेच जास्त मागितली. त्याला काय म्हणालो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्या पोरांना तुझ्या लघवीचा रंग सांगितला. दोघं उठले. बाकीचे माझ्या दंडाकडे बघत विचारू लागले, की बाबा, मग तुम्ही हे कशानं कमावलं?

तेव्हापासून रोज सकाळी ती पोरं कॅम्पाच्या मैदानावर येतात. सुरगाण्याच्या पोराला धड उठाबशी येत नाही, त्याला बुजगावणं नाव ठेवलंय. तूही ये, बरा झालास की. पुढच्या भरतीला तुझी छाती मी भरून देतो, विजेशिवाय. तुझी आई रागावून काहीबाही लिहिते, तिचं मनावर घेऊ नकोस.

मामा


कळवण
१९ नोव्हेंबर १९८५

ती. मामा यांस,
सुगतचा जयभीम. वि. वि.

मी आईकडे आलो आहे. पाणी भरपूर पितो, गावाबाहेरच्या पुलापर्यंत फिरून येतो. केळी मिळाली. तुम्ही आलात तेव्हा मी जागा होतो.

खंडेरावाबद्दल मला काही वाटत नाही. त्याच्या पेटीने माझे दंड उडत होते, तेव्हा ते माझे नव्हतेच. कुणीतरी दुसराच माझ्या अंगात शिरून व्यायाम करतोय आणि मी बाजूला पडलोय, असं वाटायचं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मूर्खपणा माझा.

पण एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नाही, कारण मी आईलाही सांगितली नव्हती. भरतीच्या दिवशी आधी छाती मोजली. जवानाने फीत लावली, फुगवायला सांगितली आणि पास म्हणून पाठीवर खडूची खूण केली. पहिल्या दिवशी त्या केंद्रात मोजली होती, तेवढीच होती. विजेने सुतभरही वाढली नव्हती. म्हणजे मामा, ती आधीपासूनच पुरेशी होती. ती भरून देण्याचे कष्ट तुम्ही घेऊ नका.

डॉक्टरांनी परवानगी दिली की मैदानावर येईन. तुमच्याइतकं चांगलं शिकवणारा नाशकात कुणी नाही, हे मला माहीत आहे. मात्र उभा राहीन तो सुरगाण्याच्या त्या पोराशेजारी. त्याचं नाव मंगळू आहे, मी केंद्रात त्याच्या शेजारी बसायचो. त्याला तुम्ही पुन्हा बुजगावणं म्हणालात, तर मी त्याला आणि बाकीच्यांना घेऊन दुसरं मैदान शोधेन.

मामींना नमस्कार. लोभ तुमचा होताच. आता थोडा मानही असावा, ही विनंती.

आपला भाचा,
सुगत