मैफलीतील सुमनची दाद

मुलुंड, मंगळवार, सायंकाळ

आज फार घाबरलो आहे. सूनबाईने माझ्या जुन्या कॅसेटवरील भैरवी मोबाइलवर उतरवून आणली व ऐकवली. मी तत्काळ म्हणालो, "ही स्टुडिओतील निर्जीव तबकडी आहे. मला माझ्या कॅसेटवरील, सभागृहातील मैफल हवी."

"अहो बाबा, हीच ती मैफल! स्टुडिओत कधी लोक खोकतात का? आणि आत्ता त्यात आई 'आहाहा' म्हणाल्या ना!"

ही भैरवी गाणाऱ्या गायिकेची स्टुडिओतील तबकडी या मैफलीपुढे फिकी आहे, असे मी आजवर सर्वांना ठणकावून सांगत आलो. मैफलीत दाद आहे, आणि त्या दादेत माझी दिवंगत पत्नी सुमन आहे. तिचा आवाज अन्यत्र कोठेही उरलेला नाही. तोच मला ऐकू आला नाही. माझे कान केव्हा गेले? आणखी काय काय गेले असेल?

"पुन्हा लाव," मी म्हणालो. तिने आवाज वाढवला. एरवी भैरवीला मी डोळे मिटतो. आज सूनबाईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. ती हसली, तेव्हा मी मान डोलावली.

"आता ऐकलंत ना, बाबा?"

"ऐकले," मी म्हणालो.