शून्य किलो कोळसा

२९ सप्टेंबर २०२५
चार महिने वही उघडली नाही, त्याबद्दल माफी मागते. कुणाची, ते ठाऊक नाही. अमरावतीचं घर आवरण्यात आणि कोथरूडचं लावण्यात दिवस गेले. हडपसरजवळ माल्ट पावडरच्या कारखान्यात ऊर्जा अधिकारी म्हणून रुजू झाले. काम मनासारखं आहे: बॉयलरचा कोळसा कमी करायचा. कंपनीचे कारखाने पोलंड, व्हिएतनाम, तुर्कस्तानातही आहेत. टनामागे सर्वांत जास्त कोळसा आमचाच. बॉयलर सांभाळणाऱ्या हिंमतरावांनी विचारलं, मग पावडर काय गच्चीवर वाळवायची, कुरडयांसारखी? घरी सांगितलं तर तनया जेवताना हसतच सुटली. सातवीतली मुलगी अजून आईच्या गोष्टींवर हसते, बरं वाटलं.

३ ऑक्टोबर
खंडेनवमीच्या पूजेसाठी बॉयलर विझवून हार घातला होता. दसऱ्याची सुटी संपवून आज आलो, तर वाफेचा दाब पूर्ण. कोळसा कुणीच घातलेला नाही. मीटर बदलून पाहिले, तेच. संचालक सौमित्र साहेब म्हणाले, कारण सावकाश शोधा, आकडा आज द्या. उष्णता कुठून तरी येतच असणार, हे मला कळतं. तरी अहवालावर सही केली: कोळसा शून्य. आकडा सुंदर दिसत होता म्हणून केली, दुसरं कारण नाही.

९ ऑक्टोबर
बाकीच्या देशांनाही माझी रीत कळवली: भट्टी विझवा, दोन दिवस थांबा.
तनयाचे हात गार पडलेत. एवढ्या उकाड्यात दोन रजया मागते. शुभंकर म्हणतो, विदर्भाचं ऊन सुटलं, त्याचीच सवय होती पोरीला. नवऱ्याच्या विनोदावर हसले. हात मात्र गारच.

१४ ऑक्टोबर
तनया रुग्णालयात. सगळ्या तपासण्या ठीक. अंग निवत चाललंय.
भट्टीचं दार उघडलं. आत काहीच जळत नाही. नुसती धग, आणि तनयाच्या केसांच्या तेलाचा वास.
कोळसा पेटवा म्हणून साहेबांच्या हातापाया पडले. यार्डातला सगळा विकून टाकलाय.

१६ ऑक्टोबर
पोलंडच्या अधिकाऱ्याचा मेल. शून्यावर त्याने सही केली आणि त्याचा मुलगा गारठला. राजीनाम्याने काही झालं नाही. जागेवर आलेल्या बाईंनी सही केली, त्या संध्याकाळी मुलगा उठून बसला. शेवटी लिहिलंय, त्या बाईंबद्दल विचारू नका.
मीही राजीनामा दिला.

१७ ऑक्टोबर
माझ्या जागी श्रद्धा आली. उद्या सही करेल. साई नावाचा मुलगा आहे, दुसरीत. फोटो दाखवला. कोथरूडमध्ये शाळा कुठली चांगली, विचारत होती. मी सांगितली. शाळा — एवढंच सांगितलं.

रात्री
तनया आता थरथरतही नाही. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र —
श्रद्धाला सांगितलं तर ती सही करणार नाही. मग तनया —
न सांगणं म्हणजे — नाही, सांगणारच आहे. सांगायला हवंच.

उद्या: श्रद्धाला फोन करायचा. तिची सही झाल्यावर —