चूक विचारणाऱ्याची

प्रिय टिटवे,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय. माझं अर्धं वाक्य होतंय तोवर तुझी अडीच वाक्यं होऊन जातात. शिवाय फोन वाजला की तुझे बाबा माझ्या खांद्याशी येऊन उभे राहतात, आणि जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर पडायला नको. अक्षर असंच येणार. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून हातात सुई आहे, पेन नाही. नाक न मुरडता वाच.

इकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, घरभर निळ्या चिंध्या. बाबा खाली बसून त्या गोळा करतात आणि रंगाप्रमाणे वेगळ्या लावतात. सगळ्या निळ्याच आहेत, तरी लावतात. लावून झाल्या की मला दाखवतात. मी मान डोलावते. माझी मान अशी कधी कुणासाठी डोलली नव्हती, तुला ठाऊक आहे. तुझी आत्या येऊन गेली. दारातूनच सुरू, "दादा, ओळखलंस का मला? सांग बघू कोण?" मी तिला स्वयंपाकघरात नेऊन बरंच ऐकवलं. आता रुसलीय. रुसू दे.

आपलं एकच टेबल होतं ते आठवतं ना? एका टोकाला माझी मशीन, दुसऱ्या टोकाला त्यांचा कॉम्प्युटर, आणि मध्ये तू पुस्तक उघडं ठेवून बडबडत असायचीस, म्हणून तर त्यांनी तुला टिटवी केलं. ऑफिसात काही अडलं की ते आधी मला समजावून सांगायचे. म्हणायचे, तुला कळलं म्हणजे दगडालाही कळेल. मी म्हणायचे, मग दगडाशीच लग्न करायचं होतंत, निदान उलटून बोलला नसता.

त्यांचं काम तुला माझ्याहून जास्त कळतं, पण मला कळलं तसं सांगते. ते डीबगर बनवायचे. डीबगर म्हणजे चुकलेल्या प्रोग्रामला कोसळायच्या आत आहे तिथंच धरून ठेवणारा. धरला की माणसानं त्याला विचारायचं, या खिशात काय आहे, त्या खिशात काय आहे, इथं कुठून आलास. मी म्हटलं, यात काय मोठं, दोरा अडकला की मीही कापड ओढत नाही. मशीन थांबवते, चाक हातानं जरासं फिरवते, वाकून बघते. ओढलं की कापड फाटतं आणि अडकलं कुठं होतं तेही कळत नाही. यावर ते इतके खूश झाले होते की दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगून आले.

एकदा मात्र तोंड पाडून आले. कुठलासा प्रोग्राम आठवडाभर चालून एका जागी थांबला होता, सगळे भोवती जमले होते, आणि त्यांच्या साहेबानं विचारताना एक नाव चुकीचं लिहिलं. झालं! प्रश्न चुकला म्हणून डीबगरच कोसळला, आणि त्यानं धरून ठेवलेला तोही गेला. आठवड्यावर पाणी. मी म्हटलं, त्या साहेबाचा कान पिळा. तर म्हणाले, साहेब नाही, मी चुकलो. माणूस चुकीचं विचारणारच. पण चूक विचारणाऱ्याची, तर ती विचारणाऱ्याच्याच पदरात परत पडली पाहिजे. थांबलेल्याला तिची कुणकुणही लागता कामा नये. तो सगळा हिवाळा त्यांनी त्यातच घातला. मग मला दाखवलं. मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं लिहिलं, तर खाली एक ओळ आली. काय म्हणतोय विचारलं, तर म्हणाले, "हे नाव मला माहीत नाही, एवढंच म्हणतोय." आणि खाली, लिहायच्या जागी, ती रेघ पुन्हा लुकलुकायला लागली. राग नाही, रडारड नाही. विचार पुन्हा.

तो डीबगर अजून चालतो. ऑफिसातला दाढीवाला येऊन अशी सोय करून गेला की घरच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं की तोच उघडतो. सकाळी चहा झाला की मी लावून देते. बाबा समोर बसतात आणि लिहीत राहतात. काय लिहितात देव जाणे. प्रत्येक वेळी ती एकच ओळ येते, खाली रेघ लुकलुकते, आणि ते पुन्हा लिहितात. दुपारपर्यंत चेहरा कसा शांत असतो. त्यांच्या सगळ्या चुका पोटात घालणारं या घरात तेवढं एकच आहे, आणि तेही त्यांनीच केलेलं. मी कुठली? मी तापट बाई. मीही खांदे धरून विचारलंय, माझं नाव काय ते सांगा म्हणून. एकदा विचारलं आणि कानाला खडा लावला.

आता तुझ्या त्या फोनचं. रोज सराव करून घे असं कुणीतरी तुला सांगितलं, म्हणून तू विचारलंस, "बाबा, सांगा बरं मी कोण?" ते हसले. तू म्हणालीस, "हसू नका, नाव सांगा." मग तुझा फोन कट झाला आणि तुला वाटलं, झालं तेवढंच. इकडे त्यांनी फोन खाली ठेवला आणि टेबलाचा खण उघडला. मग कपाटाचा. मग माझा बटणांचा डबा पालथा केला. काय शोधताय विचारलं, तर म्हणाले, "नाव इथंच ठेवलं होतं." संध्याकाळपर्यंत घरातला एक खण उघडायचा ठेवला नाही. गाद्या उलटल्या. जेवायला बसवलं तर ताट उचलून खाली बघितलं. नंतर बरेच दिवस नीट जेवले नाहीत, शर्टाची बटणं लावायचे आणि काढायचे.

हे तुला मी सांगितलं नव्हतं. आणखी एक सांगितलं नव्हतं. त्या फोनच्या आधी रोज, खालच्या शाळेतली पोरं सुटल्याचा गलका झाला की ते खिडकीशी जायचे आणि विचारायचे, टिटवी आली का शाळेतून? मी म्हणायचे, येईल एवढ्यात. तेवढ्यावर खूश व्हायचे. तू दोन लेकरांची आई, पण तिथं तू रोज शाळेतून यायची होतीस. एवढी एकच तू शिल्लक होतीस त्यांच्याजवळ, आणि तीही आता नाही. शोधून दमले, आणि विचारायचेच थांबले. आता गलका होतो, ते चिंध्या लावत बसतात. डॉक्टर म्हणाल्या, ते जाणारच होतं, फोनचा त्यात दोष नाही. त्या शिकलेल्या आहेत, त्यांचं खरं असेल. तू तेच खरं धर.

मी मात्र रोज जवळ आहे, आणि माझंही तेच झालंय. परवा मला म्हणाले, "शिलाईवाल्या बाई, टेबलाच्या त्या टोकाला तेवढा हात लावू नका. माझी बायको येईल एवढ्यात, ती जरा कडक आहे." मी म्हटलं, येऊ दे, तोवर मी बसते. दुसरं काय म्हणणार? परत येणार नाही ते, टिटवे. तुझं नाही, माझं नाही. उगाच आशा लावून बसू नकोस.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, म्हणून ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तू रविवारी येतेयस, फोटो घेऊन येतेयस, आणि समोर पाहिलं की ओळखतीलच असं सगळ्यांना सांगत सुटलीयस. ये. पण मुलगी म्हणून येऊ नकोस. फोटो आणू नकोस, पोरांना आजोबा म्हणायला लावू नकोस, दारात रडू नकोस. कापड शिवायला टाकायला आलेय असं म्हण आणि टेबलाशी मधल्या जागेवर बस. ते चिंध्या दाखवतील, मान डोलव. बोलतील ते ऐक, चुकलं तरी दुरुस्त करू नकोस. माणसं त्यांना आवडतात, बहुतेक तुझं नावही विचारतील. तेव्हा जीभ चावून धर आणि कुठलंही दुसरं नाव सांग. खरं तेवढं सांगू नकोस. सांगितलंस, तर ते पुन्हा खण उघडायला लागतील.

तुझीच, आणि त्यांची शिलाईवाली बाई,
आई