आरतीने वर केलेला हात

परभणी, मंगळवार, संध्याकाळ

हुक्क्याविरुद्धच्या ऑनलाइन वर्गात आज मुलींना विचारलं, "कुणी ओढून पाहिलाय? खरं सांगा, इथं कुणी रागावणार नाही." सोनपेठच्या आरतीने हात वर केला. "एकदाच मॅडम, मैत्रिणीकडं," ती हसत म्हणाली. दहावीतली पोर. फोन बापाचा, स्पीकर चालू. हे मला माहीत होतं. तरी विचारलं.

बाप मागून आला. तोच हात धरून पिरगाळला. "कुणासंगं गेलतीस? बोल!" मग पट्टा. फोन खाली पडला. पडद्यावर नुसते छताचे पत्रे, आणि तिचं किंचाळणं. बाकीच्या मुली ऐकत होत्या. मी तिचा आवाज बंद केला. त्यांच्यासाठी? की माझ्यासाठी?

लगेच फोन लावला. बाप अदबीने बोलला, "मॅडम, तुमच्यामुळं कळलं. लय उपकार झाले."

"आरतीला द्या."

"ती आता बोलायच्या हालतीत न्हाई."

तो हात माझ्या शब्दावर वर झाला होता.

पोलिसांना कळवलंय. सोनपेठची शेवटची एसटी अजून सुटलेली नाही. निघतेय. दारात काय बोलायचं ते ठरलेलं नाही. तिला दवाखान्यात नेल्याशिवाय परतायचं नाही, एवढंच ठरलंय.