हात वर करायची सवय

चिरंजीव टिल्लूस ताईचे अनेक आशीर्वाद. (सहा फूट उंचीच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, असं तुझी बायको म्हणते. पण हे नाव पडलं तेव्हा तू माझ्या कडेवर होतास आणि ती तिथे नव्हती.)

तुझं पोट आता शांत झालं का? तिच्या खांद्याचं दुखणं कसं आहे? गरम पाण्याच्या पिशवीचा कंटाळा करू नका म्हणावं. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तुझ्या भावोजींचे गुडघे होते तसेच आहेत, मांजर माझ्याच खुर्चीत झोपतं, आणि माझ्यावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला आहे.

यातलं शेवटचं तुला ठाऊकच आहे. तरी पहिल्यापासून लिहिते, कारण माझ्या वकीलबाईंनी (त्यांच्याकडे येतेच) सगळं सलग लिहून काढायला सांगितलंय, आणि मला कुणाला तरी उद्देशून लिहिल्याशिवाय सलग काही सुचत नाही. तर तुझ्या विमा कंपनीने तुला दुपारचं निरोपाचं जेवण दिलं. तीस वर्षं ठोकलेल्या गाड्या तपासून दोष कुणाचा हे ठरवणारा माणूस निवृत्त होतोय, म्हणून साहेबांपासून सगळे बोलले. तुझ्या डोळ्याला खोटं बोललेलं कळतं, असं एक जण म्हणाला तेव्हा मला भरून आलं. (लहानपणी माझ्या कंपासपेटीतल्या पेन्सिली कुठे जायच्या हे त्याला ठाऊक नव्हतं.) तू माझ्या कानात म्हणालास, ताई, गाडी माझी, चालवणार मी, आज मी थेंबाला शिवणार नाही, तू निवांत घे. म्हणून मी घेतली. एक ग्लास तुझ्या कौतुकात आणि दुसरा भाषणांना कंटाळून. त्यानंतर भर उन्हात गाडी चौकातल्या फुलांच्या वाफ्यावर चढली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, थोडी रोपं गेली. मी उतरून ती सरळ करत होते, तेवढ्यात एक पोलीस आला. कान बाहेर आलेला, अगदी सभ्य मुलगा. त्याने विचारलं, गाडी कोण चालवत होतं? तू त्या वेळी जरा बाजूला गेला होतास. मी हात वर केला.

मग त्याने एक नळी पुढे केली आणि फुंकायला सांगितलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या बँडमध्ये मी बासरी वाजवायचे आणि श्वास पोटातून यावा हे सिस्टरांनी छडी दाखवून शिकवलं होतं. मी इतकं मनापासून फुंकलं की तो म्हणाला, पुरे, आजी, पुरे. आकडा बघून त्याचंच तोंड उतरलं.

आता प्रश्न परवान्याचा आहे. माझा परवाना गेला तर आमच्या वाचनालयाची गाडी उभी राहील. तू त्या गाडीला खटारा म्हणतोस, पण आठवड्यातून तीनदा मी त्यात पुस्तकं भरून दारोदार जाते, आणि ज्यांना जिना उतरवत नाही ते खिडकीत वाट बघत बसलेले असतात. एक निवृत्त वैमानिक आहेत, त्यांना फक्त समुद्राची पुस्तकं लागतात. एक शिंपीणबाई आहेत, त्या शेवटचं पान आधी वाचतात आणि कुणी मरणार असेल तर पुस्तक परत करतात. वाचनालयाच्या बाईंनी मला स्वच्छ सांगितलं, परवाना गेला तर दुसरा चालक नाही, गाडी विकावी लागेल. तुरुंगाचं म्हणशील तर मला भीती नाही. (भावोजी रोज विचारतात, तिथे कोणती पुस्तकं नेणार. मी गेले की पलंगाची खिडकीकडची बाजू मिळेल याचा त्यांना आनंद झालाय असं वाटतं.) पण त्या खिडक्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

म्हणून वकील शोधायला निघाले. टिल्लू, या वयात वकील शोधणं म्हणजे चप्पल झिजवणं, आणि माझी आधीच झिजलेली होती. पहिले होते ते फार मोठे वकील. त्यांच्या खोलीत भिंतभर काचेची पेटी आणि त्यात मासे. ते माझ्याशी बोलताना माशांकडेच बघत होते. म्हणाले, आपण म्हणू की यंत्र बिघडलं होतं. मी म्हटलं, यंत्र चांगलं होतं, मीच प्यायले होते. ते म्हणाले, तुम्ही खोकल्याचं औषध घेतलं होतं. मी म्हटलं, मला खोकला नाही. त्यावर त्यांनी एका माशाला खायला घातलं आणि मदतनिसाला म्हणाले, या बाईंना दारापर्यंत सोडा, या निर्दोष सुटणार नाहीत, यांना फार बोलता येतं.

दुसरे वकील म्हणजे शेजारणीचे जावई. ते आयुष्यभर जमिनीच्या वाटण्याच करतात. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, तो फुलांचा वाफा कुणाच्या मालकीचा आहे? त्यांचे डोळे असे चमकले की मी चहा अर्धा टाकून उठले.

शेवटी कोर्टाच्या आवारात जिथे फुकट सल्ला मिळतो त्या खोलीत गेले. जिन्याखालची जागा, एक टेबल, तीन पायांवर टेकलेली खुर्ची (चौथ्याखाली कायद्याचं पुस्तक), आणि टेबलामागे एक दमलेली मुलगी, पाण्यात बुडवून बिस्किटं खात होती, कारण चहा संपला होता. माझी अवस्था बघून तिने आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः फायलींच्या गठ्ठ्यावर बसली. मी जबाब सांगायला लागले तशी म्हणाली, मावशी, एक सांगू? पोलिसांशी, न्यायाधीशांशी, माझ्याशीसुद्धा, विचारलं तेवढंच बोला. बाकी वेळ गप्प बसा. मी म्हटलं, मुली, आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला शिकवलंय. ती म्हणाली, म्हणूनच माझ्याकडे तुमच्या शाळेच्या इतक्या बायका येतात.

संध्याकाळ झाली होती आणि तिची बस चुकली होती, म्हणून मी तिला वाचनालयाच्या गाडीतून घरी सोडायला निघाले. (निकाल लागेपर्यंत परवाना माझाच आहे, आणि पोटात बिस्किटांशिवाय काही नव्हतं.) तुला माहीत आहे मी गाडीत कशी बसते. आधी सीट दोन्ही हातांनी पुढे ओढायची, ती अडकते, मग टाचेने धक्का द्यायचा, मग आईची ती निळी उशी खाली घालायची, म्हणजे पाय पेडलला पोचतात आणि रस्ता दिसतो. ती बघत होती. घर येईपर्यंत तिची नजर त्या उशीवरून हलली नाही. उतरताना दार धरून म्हणाली, मावशी, त्या दिवशीची गाडी कुणाची होती? मी म्हटलं, भावाची. भाऊ किती उंच? सहा फूट. मग ती सीट तुम्ही पुढे कधी ओढलीत, आणि उशी कुठे होती?

मी गप्प बसले. वकिलाचा सल्ला मी आयुष्यात पहिल्यांदा पाळला, तर तीच रागावली! म्हणाली, खोट्या जबाबावर मी कोर्टात उभी राहणार नाही, हात का वर केलात?

आता हे तिला कसं सांगायचं? तुझी मुलांची शाळा, तुलाही कळणार नाही. आमच्याकडे काही फुटलं, सांडलं, हरवलं, की सिस्टर घंटा वाजवून विचारायच्या, कुणी केलं? कुणी बोललं नाही तर अख्खा वर्ग उभा. छोट्या मुलींचे पाय थरथरायला लागायचे, एकीला तर चक्करच यायची, आणि मला ते बघवायचं नाही. मी हात वर करायचे. शाई मी सांडली नव्हती, फुलदाणी मी फोडली नव्हती, पण सगळ्या बसायच्या आणि बाकांचा तो एकदम होणारा आवाज मला फार आवडायचा. मदरना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, सगळं कळत होतं. शाळा सुटली त्या वर्षी माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या होत्या, याला आता विश्रांती दे, पोरी. दिली नाही. तुझ्या लग्नात दागिन्यांची पेटी गाडीत राहिली तेव्हाही वर केला, बाबांचा रेडिओ पडला तेव्हाही. त्या दुपारी तर विचार करायलाही वेळ नव्हता. त्या मुलाने प्रश्न विचारला आणि हात आपला आपण वर गेला.

असो. दमले आता. तू काही मनाला लावून घेऊ नकोस, वेळेवर जेव, उन्हात हिंडू नकोस. तुझ्या बायकोला आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. : निरोपाला मिळालेलं तुझं घड्याळ माझ्याकडे आहे. वाफ्यावर चढताना बंद पडलं. भावोजींनी उघडून बघितलं, आता कायमचं बंद आहे.

आणखी एक : सुनावणी येत्या मंगळवारी सकाळी आहे. तू यायची काही गरज नाही.

आणखी : वरचं वाक्य खोडणार होते, पण शाईने लिहिलेलं खोडू नये, खाली नीट लिहावं, असं मदर सांगायच्या. म्हणून खाली नीट लिहिते. ये. पिऊन तुझं पोट उलटलं आणि तू झुडपांमागे गेला होतास हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण चालवणारी मी नव्हते हे वकीलबाईंनी स्वतःच ओळखलंय. न्यायाधीश विचारतील, गाडी कोण चालवत होतं? मी निळी उशी बरोबर नेणार आहे आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसणार आहे. माझे पाय थरथरले तरी ते वर जाणार नाहीत. तीस वर्षं दोष कुणाचा हे तूच ठरवलंस, आणखी एकदा ठरव.

शेवटचं : बसने ये.