एका नळाची दोन उद्घाटनं

अंधेरी (पूर्व),
२२ सप्टेंबर १९८४

तीर्थरूप सहदेवदादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे मधुकरचा, साष्टांग नमस्कार. (आडवा पडूनच लिहितोय, तेव्हा नमस्कार खरा धरावा. सभेचं टेबल उचलताना कंबर धरली.) वहिनींचा गुडघा कसा आहे? वेंगुर्ल्यात पाऊस उघडला का? कुंदा इथे उत्तम आहे. जरा जास्तच उत्तम आहे, आणि त्याचीच हकीकत सांगायची आहे.

आमच्या चाळीला यंदा पंचवीस वर्षं झाली. चाळ कमिटीचा सेक्रेटरी मी. (पगार नाही, शिव्या भरपूर.) मी म्हटलं, सत्यनारायण सगळेच घालतात, आपण दोन आमदारांना बोलावून ‘माझी जनसेवा’ या विषयावर बोलतं करू. आमदारांना बोलतं करायला कष्ट पडत नाहीत, गप्प करायला पडतात, हे तेव्हा सुचलं नाही. एक आपले विधानसभेचे अनंतराव. त्यांना मत आपणच दिलेलं, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नाही. दुसरे विरोधी पक्षाचे, विधान परिषदेतले चंद्रप्रकाशजी. त्यांना कोणी निवडून दिलं ते चाळीत कोणालाच ठाऊक नाही. आतली गोष्ट अशी, की महिनाभर आमच्या नळाला गटाराचं पाणी येत होतं. घरटी एक तरी जण पोट धरून बसलेला. शेजारच्या सुंदराबाई तर कावीळ होऊन इस्पितळात पडल्या होत्या, आणि डॉक्टर काही नीट सांगत नव्हते. वॉर्ड ऑफिसात खेटे घालून माझ्या चपला झिजल्या. म्हणून बेत असा, की भाषणं झाली की हळूच पाण्याचा विषय काढायचा.

पण विषय काढायला फट मिळेल तर ना. अनंतरावांचं पहिलं प्राधान्य पाणी, दुसरं रस्ते, तिसरं पुन्हा पाणी. मग त्यांनी वर्सोव्यापासून मढपर्यंत एक पूल बांधायला घेतला आणि तो पलीकडे टेकेपर्यंत लोकांच्या दोन डुलक्या झाल्या. चंद्रप्रकाशजींनी उसाच्या भावाला हात घातला. (आमच्या चाळीने ऊस फक्त रसवाल्याकडे पाहिलाय.) मग जनसेवा कोणाची जुनी, यावरून दोघांची जुंपली. एक म्हणे मी शाळेपासून, दुसरा म्हणे मी त्याच्याही आधीपासून. मी नुसती मान डोलावत होतो.

तेवढ्यात कुंदा ट्रे घेऊन स्टेजवर आली. मी तिला गोल्ड स्पॉटच्या बाटल्या आणायला सांगितल्या होत्या. तिने आणलं नळाचं पाणी, तेही काचेच्या ग्लासांतून, म्हणजे मागच्या रांगेलाही रंग दिसावा. रंग चहाचा, वास सांगत नाही. दोघांसमोर एकेक ग्लास ठेवून ती तुमच्या गावच्या भाषेत शांतपणे म्हणाली, "सायबानू, बोलान बोलान घसो सुकलो आसतलो. वाईच पाणी घेवा."

सभा एकदम जागी झाली. अनंतरावांनी ग्लासाकडे विधानसभेतल्या अडचणीच्या प्रश्नाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, माहिती घेऊन सांगतो. चंद्रप्रकाशजींनी संधी हेरली. जनतेचं पाणी तेच माझं पाणी, असं म्हणून त्यांनी ग्लास घटाघटा रिकामा केला. टाळ्या पडल्या. कुंदा अनंतरावांकडे वळून म्हणाली, "आता तुमी?" विरोधक प्यायल्यावर करतात काय बिचारे. डोळे मिटून तेही प्यायले. थोड्याच वेळात, पोटापेक्षा भीतीनेच असेल, दोघांनी माझ्या दोन कानांत एकच प्रश्न विचारला. चाळीच्या संडासापुढे नेहमीची रांग. रांग मोडावी यावर सत्ताधारी आणि विरोधक यांचं एकमत झालं. सुंदराबाईंच्या सुनेने, प्रेमाने, ती मोडू दिली नाही. "आम्ही रोज उभे राहतो," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेची माणसं खणायला हजर. आठवड्यात नवी पाइपलाइन. नळाचं उद्घाटन सकाळी अनंतरावांनी केलं, संध्याकाळी चंद्रप्रकाशजींनी त्याच नळाला दुसरा हार घातला. पाणी दोघंही प्यायले नाहीत. सुंदराबाई मात्र बऱ्या होऊन घरी आल्या, त्यांनी त्याच नळाखाली बसून तोंड धुतलं आणि दोन्ही हार देवाला नेले.

वहिनींना नमस्कार, पोरांना माझ्या वाट्याचे लाड. इथलं पाणी आता पिण्यासारखं आहे, हा निरोप सगळ्यांना द्यावा.

तुमचा,
मधुकर

ता. क. : मुद्दा राहिला. पालिकेची निवडणूक जवळ आलीये म्हणतात. परवा दोन्ही पक्षांची माणसं उमेदवारीचं विचारायला घरी येऊन गेली. मी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो तर म्हणाले, कुंदावहिनी आहेत का? कुंदा फक्त तुमचं ऐकते. तेव्हा लगेच या आणि बाईमाणसाने राजकारणात पडू नये, असं तिला सांगा. मी सुधारक विचारांचा असल्यामुळे माझ्या तोंडी ते शोभत नाही. तुम्ही जुन्या वळणाचे, तुम्हाला शोभेल.

आणखी एक ता. क. : जागा फुकट जाऊ नये म्हणून ओघाओघात माझं नाव सुचवलंत तरी चालेल.

दादा, पत्र पेटीत टाकूक ह्येंनी माझ्याकडेच दिल्यानी. तू येच. दोगांकय नको म्हणान सांगलंय, अपक्ष उबी रवतंय. वयनीक पण घेवन ये, घराघरांनी फिराक माणसां कमी आसत. ह्येंका पोस्टरां चिकटवूक लावतलंय, पण ता अजून सांगूक नाय. – कुंदा