आईच्या तब्येतीची मिस्सा

प्रिय दादा, धाकटीचा येशूच्या नावानं नमस्कार.

मी बरी आहे. लाँड्रीतल्या वाफेनं हात आता फारसे भाजत नाहीत. इथली भाषा कळत नाही, पण चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी गुडघे कधी टेकायचे ते कळतं. तेवढ्यानंही घरी आल्यासारखं वाटतं. दर रविवारी फादर आईच्या तब्येतीसाठी प्रार्थना करायचे. बाकावरच्या अनोळखी म्हाताऱ्या मनापासून "आमेन" म्हणायच्या. मला केवढा धीर यायचा!

शुक्रवारी मावशीचा फोन आला. आईला माती देऊन दोन महिने झाले म्हणे. "धाकटीचं कामातलं लक्ष उडेल," म्हणून तूच सगळ्यांना गप्प बसवलंस. वहिनीनं आईची खोली भाड्यानं दिली का रे?

आज मी फादरना सांगून तुझ्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा करवली. भाऊ गेला म्हणून म्हाताऱ्या माझा हात धरून रडल्या. फार बरं वाटलं.

तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी